प्रकरण सातवे : तार कुठपर्यंत येते?

राऊ म्हटलं की महाराष्ट्रातल्या वाचकाला थोरले बाजीराव आठवतात. हे राऊ निराळं. इंदूरहून महूच्या वाटेला लागलं आणि राजेंद्रनगर मागं पडलं, की शहर संपल्यासारखं वाटतं, आणि तेवढ्यात राऊ येतं. माळव्याची काळी माती, सोयाबीन आणि बटाट्याची शेतं. त्यांतल्या बऱ्याच शेतांवर आता वसाहती उभ्या आहेत. एका टेकडीवर १९९६ साली स्थापन झालेलं आयआयएम आहे. अलीकडच्या बाजूला राजा रामण्णा प्रगत प्रौद्योगिकी केंद्र. १९८४ साली पायाभरणी झालेल्या या केंद्राला इथले लोक जुन्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून अजून ‘कॅट’च म्हणतात. तिथं लेसरवर संशोधन चालतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढं तिचं काम पडणार आहे.

रामबाग, लोकमान्यनगर, राजेंद्रनगर या जुन्या मराठी वस्त्यांतली काही कुटुंबं थोडं मोकळं घर हवं म्हणून या बाजूला आली. आम्हीही त्यांतलेच. बहुतेकांची मुलं पुण्याला किंवा बेंगळुरूला, काहींची थेट अमेरिकेत. रात्री साडेआठला नातवाचा चेहरा पडद्यावर दिसला की आजीचा दिवस पुरा होतो. तो चेहरा मधेच गोठला, आवाज तुटला, की ती फोन कानाशी धरून दोन-दोन मिनिटं तशीच बसून राहते. नवं घर घेणारा माणूस पूर्वी शेजाऱ्याला आधी विचारायचा, ‘नर्मदेचं पाणी किती वेळ येतं?’ आता त्याच्या मागोमाग दुसरा प्रश्न येतो, ‘नेट कुणाचं घेतलंय?’

हा दुसरा प्रश्न अपुरा आहे, एवढंच मला या प्रकरणात सांगायचं आहे. कंपनीचं नाव हे मुंबई-दिल्लीत ठरतं. तुमचं नेट चांगलं की वाईट हे तुमच्या गल्लीतल्या खांबावर आणि तुमच्या घरातल्या डब्यात ठरतं. सुरक्षेच्या सॉफ्टवेअरचंही तसंच आहे. दोन्ही खरेद्यांत आपण जाहिरात बघतो आणि दाराशी काय आहे ते बघत नाही.

या विषयात इंदूरची एक नोंद अभिमानानं सांगण्यासारखी आहे. आपल्या देशात घरचा टेलिफोन म्हणजे सरकारी खातं, हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं होतं. अर्ज करायचा आणि वर्षानुवर्षं वाट पाहायची. १९९४ च्या राष्ट्रीय दूरसंचार धोरणानं खासगी कंपन्यांना दार किलकिलं केलं, आणि ४ जून १९९८ रोजी भारती टेलिनेट या कंपनीनं देशातली पहिली खासगी तारजोड टेलिफोन सेवा सुरू केली ती मुंबईत नाही, दिल्लीत नाही, तर इंदुरात. तीच मंडळी पुढं एअरटेल म्हणून देशभर ओळखली गेली. सरकारी बाजूला बीएसएनएल ही कंपनी कामाला लागली ती त्यानंतर, १ ऑक्टोबर २००० रोजी. म्हणजे ‘यांची तार घ्यायची की त्यांची’ हा प्रश्न भारतात सर्वांत आधी ज्या शहरानं स्वतःला विचारला, ते आपलं इंदूर.

इंटरनेट त्याआधी आलेलं होतं. विदेश संचार निगमनं १५ ऑगस्ट १९९५ रोजी ते सामान्यांना खुलं केलं. तेव्हा ते टेलिफोनवरून नंबर फिरवून मिळायचं, आणि तेवढा वेळ घरचा फोन अडकून पडायचा. मग त्याच तांब्याच्या तारेवरून आवाज आणि नेट एकत्र पाठवणारं एडीएसएल आलं. २००४ च्या सरकारी धोरणात ब्रॉडबँड म्हणजे सेकंदाला किमान २५६ किलोबिट अशी व्याख्या होती. जानेवारी २०२३ मध्ये ती २ मेगाबिटवर नेली. तेव्हा ‘आमचं ब्रॉडबँड हायस्पीड आहे’ असं कुणी सांगितलं तर त्यातून काहीच कळत नाही. २ मेगाबिट मिळालं तरी कायद्याच्या लेखी ते ब्रॉडबँडच.

तांब्याच्या तारेची मर्यादा ज्यांनी ती वापरली त्यांना आठवत असेल. एक्स्चेंजपासून घर जितकं लांब तितका वेग कमी. चार-पाच किलोमीटरांवर ते जेमतेम चालायचं. पावसाळ्यात जमिनीखालच्या सांध्यात पाणी शिरलं की फोनमध्ये खरखर आणि नेट बंद. तांब्यातून वीज वाहते, आणि विजेला ओल, अंतर, शेजारच्या तारा या सगळ्यांचा उपद्रव होतो.

काचेच्या तंतूतून प्रकाश जातो. त्याला ओलीचा उपद्रव नाही आणि शेजारच्या तारेचाही नाही. प्रकाश काचेत कोंडून वळणावळणानं नेता येतो हे दाखवणाऱ्यांत पंजाबात जन्मलेले नरिंदर सिंग कपानी अग्रभागी होते. त्यांचा निबंध १९५४ साली प्रसिद्ध झाला. काच पुरेशी शुद्ध केली तर प्रकाश किलोमीटरच्या किलोमीटर जाईल असं चार्ल्स काव यांनी १९६६ मध्ये गणितानं मांडलं, आणि त्यासाठी त्यांना २००९ चं नोबेल मिळालं. आज तुमच्या घरी येणाऱ्या फायबरचा गाभा सुमारे ९ मायक्रॉनचा असतो, केसाहून कितीतरी बारीक. त्यातून डोळ्यांना न दिसणारा लेसरचा प्रकाश येतो. ‘कॅट’मध्ये शास्त्रज्ञ ज्या जातीच्या प्रकाशावर काम करतात त्याचाच एक धाकटा, स्वस्त भाऊ तुमच्या दिवाणखान्यात टीव्हीमागं लुकलुकतो आहे.

आता गल्लीत काय घडतं ते पाहू. कंपनीच्या केंद्रातून एक तंतू निघतो. चौकातल्या पेटीत एक छोटा दुभाजक असतो, त्याला कारागीर ‘स्प्लिटर’ म्हणतात. तो एका तंतूतला प्रकाश ३२ किंवा ६४ घरांत वाटतो. बहुतेक ठिकाणी चालणाऱ्या जीपॉन या पद्धतीत केंद्राकडून घरांकडे येणारी एकूण क्षमता सेकंदाला सुमारे २.५ गिगाबिट असते आणि घरांकडून केंद्राकडे जाणारी त्याच्या निम्मी. ३२ घरांनी एकदम पूर्ण वापर केला तर प्रत्येकाच्या वाट्याला ७८ मेगाबिट येतात, ६४ घरांनी केला तर ३९. पत्रकात मात्र प्रत्येकाला १०० किंवा ३०० लिहिलेलं असतं. यात फसवणूकच असते असं नाही. सगळे एकाच क्षणी पूर्ण वापर करत नाहीत, या भरवशावर ही वाटणी चालते, आणि बहुतेक वेळा ती ठीक चालते. अडचण येते ती रात्री ९ ते ११ मध्ये. तीही अनेकदा या दुभाजकात नसते. स्थानिक कंपनीनं मोठ्या कंपनीकडून जी मुख्य जोडणी विकत घेतलेली असते, तिथं गर्दी होते. म्हणून वेग मोजायचा तर दुपारी मोजू नका. ज्याच्याकडे त्या कंपनीचं नेट आधीपासून आहे अशा शेजाऱ्याकडे रात्री दहाला चहाला जा आणि तिथं मोजा.

प्रकाशाच्या या वाटणीत एक साधा हिशेब आहे, तो समजला की कारागिराशी बोलता येतं. प्रकाश निम्मा झाला की तो ३ डेसिबलनं घटला असं म्हणतात. ३२ वाटे म्हणजे पाच वेळा निम्मे, म्हणजे १५. प्रत्यक्षात १७ च्या आसपास. काचेतून किलोमीटरभर जाताना घट होते ती अर्ध्या डेसिबलपेक्षाही कमी. म्हणजे अंतर फारसं नडत नाही. नडतो तो वाईट जोड, कोपऱ्यात करकचून वळवलेली तार आणि कपाटाखाली दबलेली तार. जोडणीच्या दिवशी कारागिराच्या हातात एक छोटा पॉवर मीटर असतो. त्याला म्हणा, ‘भैया, पॉवर कितनी आ रही है, दिखाना.’ आकडा उणे १५ ते उणे २४ च्या दरम्यान असला तर छान. उणे २७ च्या आसपास असला तर जोड आजच पुन्हा करून घ्या, कारण ही घरातल्या डब्याची ऐकण्याची शेवटची हद्द आहे. तो आकडा तारखेसह लिहून ठेवा. पुढं नेट रडायला लागलं की तुलनेला कामी येतो.

हे सगळं मी नुकसान सोसून शिकलो. राऊला आलो त्या वर्षी मी एका छोट्या कंपनीचं नेट घेतलं. पत्रकावर ‘फायबर’ असं ठळक छापलेलं होतं, म्हणून पुढं काही विचारलं नाही. जूनच्या अखेरीस माळव्यावर पहिला मोठा पाऊस झाला, वीज कडाडली आणि राउटरचा दिवा विझला तो विझलाच. मुलाच्या संगणकाचं नेटवर्कचं सॉकेटही गेलं. दुरुस्तीला आलेल्या मुलानं मला गच्चीवर नेलं. फायबर येत होती ती चौकातल्या खांबावरच्या पेटीपर्यंत. पेटीत विजेवर चालणारा एक स्विच, आणि तिथून तीन घरांच्या गच्च्यांवरून लोंबत आलेली तांब्याची केबल. ‘फायबर तो पोल तक है, अंकल,’ तो म्हणाला, आणि त्यात त्याची काही चूक नव्हती. वीज थेट तारेवर पडावी लागत नाही. जवळपास पडली तरी लांबलचक तांब्यात झटका उत्पन्न होतो आणि तो दोन्ही टोकांची यंत्रं खातो. शिवाय खांबावरच्या स्विचला वीज लागते. वस्तीतली वीज गेली की घरी इन्व्हर्टर असूनही नेट बंद, याचं कारण तेच होतं.

म्हणून नेट घेताना पहिला प्रश्न हा विचारा: फायबर माझ्या घरात येते की खांबापर्यंत? ओळखायची खूणही सोपी आहे. भिंतीतून आत येणारी तार बारीक, ताठ, आणि तिच्या टोकाला हिरवं किंवा निळं छोटं चौकोनी कनेक्टर असेल तर ती फायबर. टेलिफोनच्या पिनेपेक्षा जरा मोठी पारदर्शक पिन असेल तर तांबं.

दुसरा प्रश्न: बिघडलं तर कोण येतं, आणि कुठून येतं? मोठ्या कंपनीचा ॲप सुबक असतो, तक्रार नोंदवली की क्रमांक मिळतो. पण माणूस इंदूरच्या दुसऱ्या टोकाहून येणार असेल तर दोन दिवस जातात. वस्तीतल्या केबलवाल्याकडे ॲप नसेल, पण तो सायकलवरून वीस मिनिटांत येतो. बीएसएनएलची फायबर जोडणीही अनेक ठिकाणी स्थानिक भागीदार चालवतो, म्हणजे त्या नावामागचा अनुभव गल्लीगणिक बदलतो. राऊसारख्या वाढत्या गावात रस्ते, गटारं आणि पाण्याच्या नळांसाठी खोदकाम सतत चालू असतं, आणि जेसीबीच्या दातांना तार कुणाची ते कळत नाही. तार तुटणारच हे गृहीत धरा आणि ती जोडायला कोण येतं ते बघून निवड करा. माझ्या मते या एका गोष्टीला वेगाच्या आकड्यापेक्षा जास्त गुण द्यावेत.

वेगाचं म्हणाल तर बहुतेक घरं गरजेपेक्षा जास्त विकत घेतात. स्पष्ट चित्राच्या एका मालिकेला सुमारे ५ मेगाबिट लागतात, फोर-के टीव्हीला १५ ते २५, आणि चांगल्या व्हिडिओ कॉलला जेमतेम ४. चार माणसांच्या घराला ५० पुरतात, १०० म्हणजे चैन. इथं एक गफलत नेहमी होते: पत्रकात मेगाबिट असतात आणि फाइल उतरवताना संगणक मेगाबाइट दाखवतो. ८ बिटांचा एक बाइट, म्हणून १०० च्या जोडणीवर सेकंदाला साडेबारा दिसले तर ते पूर्ण आहे. भांडायला जाऊ नका. त्याहून महत्त्वाचा आहे वर जाणारा वेग, म्हणजे अपलोड. आजीचा चेहरा अमेरिकेला याच वाटेनं पोचतो. काही कंपन्या दोन्ही बाजूंना सारखा वेग देतात, काही देत नाहीत. विचारून घ्या.

व्हिडिओ कॉलमध्ये थोडा विलंब जाणवतो तो मात्र कुणाच्याच हातात नाही. काचेत प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर धावतो. राऊ ते मुंबई सहाशे किलोमीटर धरले तर जाऊन-येऊन ६ मिलिसेकंद पुरतात. मुंबईच्या किनाऱ्यावर समुद्राखालच्या केबली वर येतात, आणि तिथून अमेरिका तेरा हजार किलोमीटर धरली तरी जाऊन-येऊन १३० मिलिसेकंद लागणारच. प्रत्यक्षात २०० च्या पुढं. ३० जानेवारी २००८ रोजी इजिप्तजवळ समुद्रातल्या दोन केबली तुटल्या तेव्हा भारतातलं नेट कित्येक दिवस रांगत होतं. राऊच्या खांबापासून अलेक्झांड्रियाच्या समुद्रतळापर्यंत ही एकच साखळी आहे.

पैशांचं थोडक्यात. पत्रकातल्या किमतीवर १८ टक्के जीएसटी चढतो, म्हणजे ६९९ चे जवळजवळ ८२५ होतात. ‘अनलिमिटेड’ला बहुधा महिन्याला ३,३०० गिगाबाइटची मर्यादा असते, साध्या घराला ती कधी लागत नाही. सहा महिने किंवा वर्षाचे पैसे आगाऊ भरले की सूट मिळते, पण पहिला महिना पाहिल्याशिवाय भरू नका. मोबाईलसारखी पोर्ट करून कंपनी बदलायची सोय इथं नाही. एअरफायबर म्हणजे गच्चीवरच्या अँटेनानं मोबाईल टॉवरकडून येणारं नेट. जिथं तार पोचलीच नाही तिथं ते उपयोगी, पण टॉवरवरची गर्दी त्यात वाटून घ्यावी लागते. तार मिळत असेल तर तारच घ्या.

बिघाडाची तक्रार तोंडी करू नका. क्रमांक घ्या. त्यावर काही झालं नाही तर प्रत्येक कंपनीला अपिलाचा अधिकारी नेमावा लागतो, त्याच्याकडे जा. ट्राय ही दूरसंचार नियामक संस्था वैयक्तिक तक्रारी सोडवत नाही, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं आणि तिथं पत्रं पाठवण्यात महिने जातात. टेलिकॉमचा ग्राहक ग्राहक आयोगाकडे जाऊ शकतो, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी २०२२ मध्ये दिलेला आहे.

आणि घरातला शेवटचा तुकडा तुमचा स्वतःचा. निम्म्या तक्रारी तिथल्याच असतात असं माझ्या पाहण्यात आहे. राउटर जिन्याखालच्या कपाटात ठेवायचा आणि माजघरात रेंज नाही म्हणून कंपनीला फोन करायचा, हे घरोघरी चालतं. २.४ गिगाहर्ट्‌झचा वाय-फाय भिंतीपलीकडे जातो, पण शेजाऱ्यांच्या गर्दीत सापडतो. ५ गिगाहर्ट्‌झचा वेगवान असतो, मात्र जाड भिंतीपाशी दम टाकतो. राउटर घराच्या मध्यावर, छातीच्या उंचीला, उघड्यावर ठेवा. टीव्ही आणि मुलाचा संगणक तारेनं जोडा. राउटरसाठी मिळणारा १२ व्होल्टचा छोटा यूपीएस घ्या. घरापर्यंत खरी फायबर असेल आणि केंद्रात बॅटरी असेल तर वस्तीत अंधार असतानाही नेट चालू राहतं.

हाच डबा घराचा दरवाजाही आहे, आणि सुरक्षेची गोष्ट इथून सुरू होते. लोक संगणकासाठी अँटिव्हायरस विकत आणतात आणि राउटरचा कारखान्यातला पासवर्ड तसाच ठेवतात. २०१६ साली ‘मिराई’ नावाच्या किडीनं जगभरातले लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले. तिच्याकडे काही विद्या नव्हती. ॲडमिन-ॲडमिन सारख्या ठरीव पासवर्डांची साठएक जोड्यांची यादी होती, ती एकेक करून लावून पाहायची. जुलै २०१७ मध्ये आपल्याकडे बीएसएनएलच्या ग्राहकांचे हजारो मोडेम अशाच हल्ल्यात बंद पडले, आणि ग्राहकांना मूळचा पासवर्ड बदलण्याचं आवाहन करावं लागलं. त्या घरांतल्या संगणकांवर उत्तम अँटिव्हायरस असता तरी काही उपयोग नव्हता.

अँटिव्हायरसची हकीकत मराठी माणसानं सांगावी अशी आहे. जगातला पहिला गाजलेला पीसी-व्हायरस ‘ब्रेन’, १९८६ साली लाहोरच्या दोन भावांनी लिहिला. तो फ्लॉपीतून पसरायचा. त्यानंतर काही वर्षांत पुण्यात दुसऱ्या दोन भावांनी उलट बाजूचं काम हाती घेतलं. सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचे कैलास काटकर दहावीनंतर कॅल्क्युलेटर दुरुस्त करायला शिकले, पुढं स्वतःचं दुरुस्तीचं दुकान काढलं, आणि १९९३ मध्ये संगणक दुरुस्तीची कंपनी. योगायोगानं तिचंही नाव ‘कॅट’. दुरुस्तीला येणारे संगणक पुन्हा पुन्हा व्हायरसनंच बिघडलेले दिसत. धाकटे भाऊ संजय तेव्हा मॉडर्न कॉलेजात संगणकशास्त्र शिकत होते. त्यांनी त्यावर उतारा लिहिला आणि १९९५ मध्ये तो ‘क्विक हील’ या नावानं बाजारात आला. २००७ मध्ये कंपनीनंही तेच नाव घेतलं, २०१६ मध्ये तिचे शेअर बाजारात आले. मला या गोष्टीत मोलाचं वाटतं ते हे, की हे सॉफ्टवेअर दुरुस्तीच्या टेबलावर जन्मलं. लोकांचं काय बिघडतं हे रोज बघणाऱ्यानं ते केलं.

आज असं सॉफ्टवेअर तीन प्रकारे काम करतं. ओळखीच्या किडींच्या खुणांची यादी त्याच्याजवळ असते. अनोळखी प्रोग्रॅम संशयास्पद वागला, म्हणजे एकाएकी सगळ्या फायली कुलूपबंद करू लागला, तर ते त्याला थांबवतं. आणि फसव्या संकेतस्थळांच्या वाटेवर ते फाटक टाकतं. विकत घ्यावं का? विंडोजमध्ये २०१२ पासून डिफेंडर हे पूर्ण अँटिव्हायरस फुकट येतं आणि ते चांगलं आहे. एकट्या माणसाचा संगणक, अद्ययावत विंडोज, बाहेरचे पेन ड्राइव्ह नाहीत: डिफेंडर पुरे. घरूनच दुकानाचे हिशेब चालतात, टॅलीच्या फायली गिऱ्हाइकांच्या पेन ड्राइव्हवरून येतात, त्याच यंत्रावर मुलं खेळ उतरवतात: तर वर्षाला काही पैसे टाकून नावाजलेलं सॉफ्टवेअर घ्या. निवड करताना दुकानदाराच्या शब्दापेक्षा जर्मनीतल्या एव्ही-टेस्ट आणि ऑस्ट्रियातल्या एव्ही-कंपॅरेटिव्हज या स्वतंत्र प्रयोगशाळांचे निकाल पाहा; ते नेटवर फुकट वाचता येतात. एका यंत्रावर दोन अँटिव्हायरस ठेवू नका, ती एकमेकांनाच अडवतात. आणि क्रॅक केलेलं, फुकटचं घेऊ नका, कारण किडी बहुधा त्याच पुडीतून येतात.

फुकट सॉफ्टवेअर देणाऱ्या कंपन्यांबद्दल एक गोष्ट माहीत असावी. ॲव्हास्ट या प्रसिद्ध कंपनीनं ग्राहकांच्या नेटवरच्या वावराची माहिती विकली म्हणून अमेरिकेच्या व्यापार आयोगानं २०२४ मध्ये तिच्याकडून १ कोटी ६५ लाख डॉलर वसूल करण्याचा निर्णय दिला. त्याच वर्षी १९ जुलैला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अद्ययावतीकरणामुळं जगभरात सुमारे ८५ लाख संगणक निळा पडदा दाखवून थांबले. राखणदाराला आपण घराच्या सगळ्या किल्ल्या देतो. म्हणून तो मोजका आणि पारखून घेतलेला असावा.

त्याहून मोठं संरक्षण अद्ययावत राहण्यात आहे. मे २०१७ मध्ये फायली कुलूपबंद करणाऱ्या ‘वॉनाक्राय’ या किडीनं जगभरच्या रुग्णालयांना आणि कारखान्यांना वेठीस धरलं. ज्या फटीतून ती आत शिरली, ती बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टनं मार्चमध्येच देऊन ठेवलेली होती. विंडोज १० ची नेहमीची मोफत दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली आहे. घरात तो संगणक असेल तर अँटिव्हायरसवर खर्च करण्याआधी त्याचं काय करायचं ते ठरवा. फोटो आणि कागदपत्रांची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्या आणि ती डिस्क काढून कपाटात ठेवा. जोडलेली डिस्क कुलूपबंद होते, कपाटातली होत नाही.

आणि जिथं कुठलंच सॉफ्टवेअर पुरं पडत नाही ती जागा म्हणजे आपला फोन. ‘तुमचं वीजबिल भरलेलं नाही, आज रात्री साडेनऊला जोडणी तोडू’, ‘लग्नपत्रिका पाहा’ म्हणून आलेली एपीके फाइल, वाहतुकीच्या दंडाची पावती, आणि पोलिसांच्या गणवेशात व्हिडिओ कॉल करून ‘डिजिटल अटक’ करणारे. अशी अटक आपल्या कायद्यात नाहीच. पंतप्रधानांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये आकाशवाणीवरून हे स्पष्ट सांगितलं, तरीही शिकलेली, निवृत्त माणसं अडकतात, कारण त्यांना एकटं गाठलेलं असतं. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमानुसार, चूक तुमचीही नाही आणि बँकेचीही नाही अशा फसवणुकीत तीन कामकाजी दिवसांच्या आत कळवलं तर तुमच्यावर बोजा येत नाही. पण ओटीपी तुम्हीच सांगितला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं. म्हणजे दोन्ही बाबतींत घड्याळ महत्त्वाचं. सायबर फसवणुकीसाठी देशभर एकच क्रमांक आहे, १९३०. पहिल्या तास-दोन तासांत तिथं फोन केला तर पैसा पुढच्या खात्यात जाण्याआधी गोठवता येण्याची शक्यता बरीच असते.

आमच्या गल्लीत एका संध्याकाळी आम्ही पाच घरांनी मिळून आपापल्या राउटरचा बंदोबस्त केला. पासवर्ड बदलले, राउटरवरचं डब्ल्यूपीएस हे बटण-जोडणीचं तंत्र बंद केलं, वाय-फायच्या सुरक्षेसाठी डब्ल्यूपीए-२ किंवा डब्ल्यूपीए-३ निवडलं, पाहुण्यांसाठी वेगळा वाय-फाय काढला आणि कॅमेरे त्यावर टाकले. पाच घरांना मिळून दीड तास लागला, पैसे लागले नाहीत.

तुम्हीही आज जेवणं झाल्यावर राउटर उचलून उलटा करा. खालच्या स्टिकरवर छापलेला पासवर्ड अजून चालू असेल तर तो बदला, नवा पासवर्ड वहीत लिहा, आणि १९३० हा क्रमांक स्वतःच्या फोनमध्ये घाला. आईच्या फोनमध्येही घाला.